कापणाऱ्याचा हक

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते वाटे घालायचं. रविवारची सकाळ होती. आमच्या पेडगावात आठ घरांनी मिळून एक बोकड घेतलं होतं. ते कापायचं, सोलायचं आणि त्याचे आठ सारखे वाटे घालायचे, हे काम माझ्याकडं जवानीपासून आहे. मी कसाई नाही, दोन एकर रानाचा माणूस आहे, पण माझ्या हाताला माप आहे असं गाव म्हणतं. वाटे घातल्यावर तक्रार नको म्हणून आमच्यात एक रीत आहे. एकानं वाट्यांकडं पाठ करून बसायचं. दुसऱ्यानं एका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, "हा कुणाचा?" पाठ केलेल्यानं न बघता नाव घ्यायचं. ज्याचं नाव निघालं त्यानं तो मुकाट उचलायचा. पाठ करून बसायला गावाला माझी बायको कौसाच लागायची. त्या रविवारी ती भिंतीकडं तोंड करून पाटावर बसली होती. पाय सुजलेले, दोन नावांच्या मध्ये दम घ्यावा लागत होता. "हा कुणाचा?" "शेवंताच्या घरचा." "हा?" "मारोतीचा." मारोती आमचा शेजारी, बोलायला मोकळा. तो वाटा बघून म्हणाला, "वैनी, दर खेपंला मला हाडंच कामून वो?" कौसा मान न वळवता म्हणाली, "दात हायत तवर चावून घ्या भाऊजी. पुढं नुसता रस्साच प्यायचाय." सगळे हसले. तीही हसली, आणि मग बराच वेळ खोकत राहिली... बुधवारी दुपारी ती गेली. त्याला आता सव्वा महिना होईल.

मी चौथी शिकलो आहे. शुद्धलेखन नातीनं बघितलं, शब्द माझे आहेत. माणूस गेलं की त्याचं चांगलंच लिहितात, ते मलाही लिहिता येईल. कौसा चांगलीच होती, त्यात काय सांगायचं. पण तिच्या मरणात माझा हात होता का, या एका गोष्टीनं मला धरलं होतं, आणि ती गोष्ट सोडून बाकीचं लिहिलं तर ते खोटं होईल.

आमच्याकडं कापणाऱ्याला पैसे देत नाहीत. त्याचा एक हक असतो. हृदय, ज्याला मटणवाले दिल म्हणतात, आणि दोन गुर्दे वाट्यात घालायचे नाहीत, ते त्यानं घरी न्यायचे. कौसा पोखर्णीहून लग्न होऊन आली, त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी ते तीन जिन्नस पानात बांधून तिच्यापुढं ठेवले. तिनं एक गुर्दा हातात घेतला. घेवड्याच्या दाण्यासारखा, पण लेकराच्या मुठीएवढा. उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "हे काय करतं वो?" मी म्हणालो, "काय करतं म्हंजे? भाजून खायाचं असतं." ती म्हणाली, "आपुन खायाच्या आधी बोकडाच्या पोटात ते काय करत व्हतं, ते इचारायलेय." मला आलं नाही सांगता. मी तिला वेड्यात काढलं. शेकडो बोकडं या हातानं सोलली, पण ती एक गोष्ट कुणाला विचारावी असं मला कधी वाटलं नाही. ती मात्र गुर्दे आवडीनं खायची. मधोमध चिरायची, आतलं पांढरं काढून टाकायची, मिठाच्या पाण्यात ठेवायची म्हणजे उग्र वास जातो, आणि चुलीतल्या निखाऱ्यावर भाजायची. एक मला, एक तिला. पोरं झाली तेव्हा तिनं तिच्यातलं पोरांना दिलं, माझ्यातलं कधी कमी केलं नाही. मीही ते कधी मोजलं नाही.

दोन-अडीच वर्षांपूर्वी सकाळी उठली की तिचं तोंड सुजलेलं दिसायला लागलं. चेहरा पिवळट पडला, दोन पायऱ्या चढली की बसायची. आधी गावातल्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, मग मुलगा बालाजी तिला परभणीला घेऊन गेला. फोटो काढला, रक्त काढलं. मोठे डॉक्टर म्हणाले, दोन्ही किडन्या आकसल्यात, बीपी लय वर्षं अंगावर काढलं त्याचा हा परिणाम आहे, आता रक्त मशीनवर धुवावं लागेल, सोमवारी आणि गुरुवारी. कौसानं मला विचारलं, "किडनी म्हंजे काय वो?" मी म्हणालो, "गुर्दा." ती म्हणाली, "बघा. आता कळंल ते काय करत व्हतं."

तिच्या हाताचं आधी एक बारकं ऑपरेशन झालं. मनगटाच्या वर दोन शिरा एकमेकींना जोडल्या, म्हणजे शीर फुगते आणि मशीनच्या जाड सुया तीत बसतात. त्या जागेवर हात ठेवला की आत थरथर लागायची, मांडीवर बसलेली मांजर घुरघुरते तशी. सिस्टरनं सांगितलं होतं, रोज सकाळी हात लावून बघा, थरथर आहे ना. ते काम मी घेतलं. उठलो की आधी तिचा हात धरायचो. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झालेली, इतक्या वर्षांत मी दिवसाउजेडी बायकोचा हात धरला नव्हता. सून चहा घेऊन यायची आणि दारातूनच परत फिरायची. कौसा म्हणायची, "सोडा आता, चालू हाय ते." मी म्हणायचो, "नीट बघू दे." बघायचं काही नसायचं. पहिल्या झटक्यातच कळायचं.

आता माझी चूक सांगतो. आमच्याकडं हाड मोडलं की पाया खाऊ घालतात. रक्त कमी झालं की कलेजी. हे कुणी कुणाला शिकवत नाही, आई करते ते पोरगं बघतं. बालाजीच्या वेळी कौसाचं रक्त लय गेलं होतं, तेव्हा माझ्या आईनं तिला रोज कलेजी दिली आणि ती उठली. मग गुर्दे आकसले तर काय खायचं, हे मला कुणाला विचारायची गरज वाटली नाही. हक तर माझाच होता. मी माझा गुर्दाही तिच्याच ताटात टाकायला लागलो. ज्या रविवारी गावात वाटे नसतील त्या रविवारी परभणीहून आणायचो, मटणवाल्याला सांगून ठेवलं होतं. तिचं पथ्य काय ते आतल्या लोकांनी तिला सांगितलं असेल असं मी धरून चाललो. आत मशीनपाशी सोबतच्या माणसाला थांबू देत नाहीत, मी बाहेर बाकड्यावर चार-चार तास बसायचो. दाराला वर काच होती. तीतून तिच्या खाटेचा पायाकडचा भाग दिसायचा, तेवढा बघायचो. ती बाहेर आली की विचारायचो, "कसं वाटायलंय?" ती म्हणायची, "हलकं." आणि मला वाटायचं, माझे गुर्दे लागू पडायलेत.

मागच्या थंडीत तिला आडवं होता येईना. उशा लावून बसूनच झोपायची, श्वास घेतला की छातीत पाणी खळखळल्यासारखा आवाज. सोमवारपर्यंत थांबलो नाही, बालाजी तसाच रिक्षात घालून घेऊन गेला. मशीननं पाणी ओढून काढलं तेव्हा ती सरळ निजली. त्या दिवशी सिस्टर बाहेर आली, चहाचा कप हातात घेऊन माझ्या शेजारी बाकड्यावर टेकली. तिशीची असेल, बोलायला सरळ. मी विचारलं, "बाई, पाणी माणूस पितो ते पोटात जातंय. हिच्या छातीत कसं गेलं?" ती हातमोज्यांच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्यावर काढून दाखवायला लागली. हे हृदय, ही फुफ्फुसं... मी म्हणालो, "काढू नका. ह्यातलं सगळं माझ्या हाताखालून गेलंय. नरडं धरून ओढलं की दोन्ही फुफ्फुसं आणि त्यांच्या कुशीत दिल, असं एकदमच बाहेर येतंय. तुमी फकस्त सांगा, ते कामाला काय." ती हसली. म्हणाली, "मग तुम्हीच सांगा आजोबा, हृदय चिरलं की आत काय दिसतं?"

मी सांगितलं. चार खोल्या दिसतात. आत पातळ पडदे असतात आणि त्यांना सुतळीसारख्या पांढऱ्या दोऱ्या. एका बाजूची भिंत जाड आणि दुसरीकडची पातळ, ते का, तर मला वाटायचं बोकड एकाच कुशीवर निजतं म्हणून. सिस्टरला हसू आवरेना. मग तिनं सांगितलं, उजवीकडची भिंत पातळ, कारण तिला रक्त शेजारच्या फुफ्फुसापर्यंतच ढकलायचं असतं. डावीकडची जाड, कारण तिला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचं असतं. पडदे एकाच दिशेनं उघडतात, रक्त मागं फिरू नये म्हणून, आणि त्या दोऱ्या पडद्यांना उलटं होऊ देत नाहीत. फुफ्फुसाचं म्हणाली, आत खसखशीहून बारीक फुगे असतात, त्यांच्या आत हवा आणि बाहेरून रक्त, मध्ये इतका पातळ पापुद्रा की हवा आरपार जाते. म्हणूनच ते घमेल्यातल्या पाण्यात तरंगतं, बाकी सगळं बुडतं, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर. आणि किडन्यांनी पाणी बाहेर टाकलं नाही की ते रक्तात साठतं. हृदय ते ढकलून ढकलून थकतं. मग पाणी मागं तुंबतं आणि त्या फुग्यांत झिरपतं." एखाद्या बोकडाचं फुफ्फुस जड लागतं, पाण्यात टाकलं की तळाला जातं. असं जनावर आजारी असतं, त्याचं फुफ्फुस आम्ही वाट्यात घालत नाही, पुरून टाकतो. ते बुडणारं फुफ्फुस माझ्या डोळ्यांपुढं आलं. कौसाच्या छातीत ते होतं.

"आणि गुर्दे?" मी विचारलं. सिस्टर म्हणाली, लाखो बारीक चाळण्या असतात एकेकात. अंगातलं सगळं रक्त दिवसातून कितीतरी वेळा तिथून जातं. त्या आधी पाणी, साखर, क्षार असं बरंच काही गाळून बाहेर काढतात, मग त्यातलं कामाचं परत आत घेतात, आणि नको ते तेवढं लघवीतून सोडून देतात. मी म्हणालो, "म्हंजे निवडायचं काम." ती म्हणाली, "निवडायचंच. आणि नवं रक्त करा म्हणून हाडांना निरोपही तेच धाडतात. म्हणून आजी पांढऱ्या पडल्या." मग मीच तिला एक गोष्ट सांगितली. पाठीच्या कण्याला चिकटून एक जाड पांढरी नळी असते. वरून दिलातून निघते, खाली जाताना दोन्ही गुर्द्यांना एकेक फांदी देते. मी ती दर खेपेला सुरीच्या एका फटक्यात कापतो आणि कुत्र्याला टाकतो. सिस्टर म्हणाली, "आजोबा, त्याच नळीनं तर हे सगळं एक आहे." दिल एका बाजूला, गुर्दे एका बाजूला, फुफ्फुसं घमेल्यात, असं मी जिंदगीभर मांडत आलो. ती एकमेकांच्या जिवावर चालतात, एक बसलं की दुसरं बसतं, हे वेगळं करणाऱ्याला कुठून कळणार... घरी येताना मी कौसाला म्हणालो, "तू तवा इचारलं व्हतंस ना, गुर्दा काय करतो. निवडतो." ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "लवकर सांगितलं."

एवढं कळूनही पुढच्या रविवारी मी तिला गुर्दे भाजून दिले. उलट जास्त हौसेनं दिले. चाळण्या कमी पडतात तर चाळण्याच खायला घाला, असं माझं डोकं चाललं. त्या शेवटच्या रविवारीही दिले. अर्धा खाल्ला, उरलेला झाकून ठेवला, म्हणाली, "सांजच्याला खाते." सोमवारी मशीन झाली. बुधवारी दुपारी ओसरीत बाजेवर बसली होती, टेकून. श्वास पुन्हा भरून आलेला. बालाजी रिक्षा आणायला पळाला. मी तिचा हात धरून बसलो, थरथर लागत होती, पण मध्येच चुकायला लागली. ती म्हणाली, "तुमी जेवलात का?" मी म्हणालो, "जेवलो." जेवलो नव्हतो. माझ्या तळव्याखाली ते घुरघुरणं बारीक झालं, लांब गेल्यासारखं झालं... आणि थांबलं. डोळे उघडे होते, तोंडावर काही फरक नव्हता, सून तिला वारा घालत होती. मी म्हणालो, "पोरी, ऱ्हाऊ दे आता."

त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. नदीवरून आलो, आंघोळ झाली, बायका आत बसल्या होत्या. तिची दवाखान्याची पिशवी खुंटीवर होती. फाईल कुणाला लागेल म्हणून मी ती काढली. फाईलच्या मागं चार घड्या घातलेला एक कागद होता, घड्यांवर फाटत आलेला. वर चित्रं होती, केळी, शहाळं, त्यांच्यावर फुल्या. खाली लिहिलं होतं, कलेजी, गुर्दे, भेजा खाऊ नये. कौसाला वाचता येत नव्हतं. मला येतं. दोन वर्षं ती पिशवी माझ्याच खांद्याला होती.

सकाळी गुरुवार होता, तिचा नंबर असायचा तो वार. मी धोतर बदललं, टोपी घातली. बालाजी म्हणाला, "आबा, सुतकात कुठं निघालात? लोक भेटायला यायलेत." मी म्हणालो, "त्यांना चहा नसतो द्यायचा, बसतील." "अवो पर कुठं?" "इचारायला," म्हणालो आणि पहिल्या गाडीनं परभणीला गेलो.

सिस्टरला फोनवरून कळलं होतं. दारातच उभी राहिली. मी कागद पुढं धरला आणि म्हणालो, "बाई, लपवू नगा. मी दर रविवारी तिला गुर्दे चारले. मी मारलं का तिला?" तिनं कागद बघितलाच नाही. म्हणाली, "मला माहीत होतं. आजी दर सोमवारी सांगायच्या, काल अर्धा खाल्ला, मशीन जरा नीट लावा. मी रागावले. तुम्हाला सांगते म्हणाले, तर माझा हात धरला. म्हणाल्या, त्यांना वाटायलंय ते मला बरं करायलेत, वाटू द्या. अर्धा मी खाते, बाकीचा मांजरीला घालते. मग डॉक्टरांना विचारून खाण्यातला वाईट क्षार पोटातच धरून ठेवणारी चुन्यासारखी गोळी जेवणासोबत घ्यायला दिली, आजी रविवारी ती न चुकता घ्यायच्या." आमची मांजर दोन वर्षांत का फुगली ते मला तेव्हा कळलं. मी म्हणालो, "ते झालं. मी इचारलं त्याचं बोला." तिनं माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाली, "किडन्या बीपीनं गेल्या, तुमच्यामुळं नाही. हृदय पाण्यानं थकलं होतं, तेही तुमच्यामुळं नाही. पण त्या खाण्यानं त्यांना फायदा झाला नाही, त्रासच झाला, कमी-जास्त. तुम्ही मारलं नाही आजोबा. पण एकदा आत येऊन विचारायचं होतं." मी बरं म्हणालो. तिला काम होतं, ती आत गेली.

मी लगेच निघालो नाही. बाकड्यावर बसलो. शेजारी सेलूकडची एक बाई होती, साठीची, नवी दिसत होती. नवरा आत, पहिलाच आठवडा. तिच्या मांडीवर एक शहाळं होतं. माझ्याकडं बघून म्हणाली, "भाऊ, तुमच्यापाशी चाकू-बिकू हाय का? एवढं तोंड फोडून द्या. मालकाला लय गळाटा आलाय, ह्यानं तरतरी येईल." चाकू माझ्या खिशात असतोच. हात आपोआप खिशात गेलाही होता. मी तो तसाच रिकामा बाहेर काढला. म्हणालो, "आत इचारलंस का, हे चालतंय का म्हणून?" "न्हाई बा. शहाळ्याचं काय इचारायचं? आणि मला भ्या वाटतंय, खेकसतील." "खेकसू देत." "तुमचं पेशंट कुठल्या खाटंवर हाय?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "आमची खाट रिकामी झाली काल. उठ, आधी इचारू." ती शहाळं पोटाशी धरून उठली. मी दाराशी चपला काढल्या आणि तिच्या पुढं आत गेलो.